आठ सिलेंडर आणि चार नारळ

इंजिन खोलायला अक्कल लागत नाही. पाना लागतो आणि एक रिकामा रविवार लागतो. चाळीस वर्षं यवतला हायवेच्या कडेला गॅरेज चालवून मी एवढं खात्रीनं सांगू शकतो. अक्कल लागते ती परत जोडायला, आणि तोवर रविवार संपलेला असतो.

पाटसकडचे एक मास्तर एकदा टेम्पोत तीन पोती घालून माझ्याकडे आले. तीन पोत्यांत मिळून त्यांच्या जीपचं इंजिन होतं. सुट्टीत त्यांनी ते हौसेनं खोललं होतं. "मामा, सगळं हाय ह्यात," ते म्हणाले, "फक्त कुठलं कुठं जातं तेवढं बघा." मी पंधरा दिवस बघत होतो. जोडून झाल्यावर मूठभर नट उरले ते मी गुपचूप डब्यात टाकले, आणि ती जीप रस्त्यात दिसली की पुढची काही वर्षं मी मान फिरवून चालायचो. तेव्हापासून माझा नियम ठरला. कुणी स्वतःच्या हातानं इंजिन करायचं म्हणालं, की आधी कागद, मग पाना. कागदावर इंजिन जोडून दाखव, मग खोल. कागद म्हटल्यावर निम्मे हौशी घरी जायचे, आणि उरलेले निम्मे चहा पिऊन जायचे.

सुरेखा गेली नाही.

तेव्हा गॅरेज बंद करून मला तीन वर्षं झाली होती. गुडघे कामातून गेले होते आणि उजवा कान तर त्याच्याही आधी. इंजिनांच्या आवाजात आयुष्य काढलं, कानानं तरी किती ऐकायचं! एका सकाळी दारात झेंडूच्या वासानं भरलेली पिकअप उभी राहिली आणि चाळिशीच्या पुढची एक बाई खाली उतरली. तिला मी ओळखत होतो. कॅनॉलच्या पलीकडं तिची झेंडू-शेवंतीची शेती, आणि मार्केटला माल ती स्वतः पिकअप चालवत नेते. नवरा दत्ता शिरूरकडं कंपनीत शिफ्टला, त्यामुळे घराचं स्टिअरिंग पण तिच्याच हातात.

"मामा, मला इंजिन शिकवा."

"कसलं? पिकअपचं?"

"आप्पांच्या गाडीचं."

मी उभा होतो तो खाटेवर बसलो.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. एका बड्या कंत्राटदार साहेबांकडे ते ड्रायव्हर होते. त्या साहेबांनी मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून एक अमेरिकन गाडी घेतली होती. दोनच दारं, डाव्या हाताला स्टिअरिंग, आणि बॉनेट इतकं लांब की त्यावर घरभराचे पापड वाळत घालावेत. आत आठ सिलेंडर. आपल्या साध्या गाडीत चार असतात. इथं चार डावीकडं कललेले आणि चार उजवीकडं, ओंजळ उघडावी तसे. ही गाडी नुसती उभी असली तरी गुरगुरायची. कॅनॉलच्या पुलावर आली की आम्हाला गॅरेजमध्ये कळायचं. मी तर एकदा जेवणाच्या ताटावरून उठून रस्त्यावर धावलो होतो, आणि बायकोनं ते मला अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. पुढं साहेब बंगला बंद करून मुलीकडं गेले आणि जाताना किल्ली आप्पांच्या हातात ठेवून गेले. आप्पांनी काही वर्षं ती हौसेनं चालवली. मग ती कांदे साठवायच्या पत्र्याच्या चाळीत जी उभी राहिली, ती राहिलीच.

"आता का?" मी विचारलं.

"आप्पांचे कान चाललेत," सुरेखा म्हणाली. "डॉक्टर म्हनले, कानातली बारीक हाडं गोठत चालल्यात. वयामुळं ऑपरेशन नको. मशीन लावलं तर नुस्ती खरखर. थोडं ऐकू येतंय ते बी दिवाळीपर्यंत टिकंल का, सांगता येत न्हाई. आप्पा म्हनले, जाऊ दे कान, पर जायच्या आदी तिचा आवाज येकदा ऐकायचाय."

"मग एखाद्या चांगल्या मिस्त्रीला दे की."

"आप्पा दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू देत न्हाईत. माझा हात चालतो त्यास्नी. आन् मला बी बघायचंय, आत काय हाय ते."

हे शेवटचं वाक्य तिनं असं काही म्हटलं, की माझे गुडघे दुखायचे थांबले. खोटं नाही सांगत.

मी अट घातली. मी खुर्चीवर बसणार, तोंडानं सांगणार, आणि माझे हात माझ्या खिशात राहणार. इंजिन सुरेखाच करणार. तिनंही एक अट घातली. प्रत्येक कामाला चिठ्ठी बांधायची आणि ज्यानं केलं त्याचं नाव तिच्यावर लिहायचं. "मार्केटात आमच्या क्रेटवर नाव असतंय," ती म्हणाली. "माल खराब निघाला की कुणाचा ते लगेच कळतंय. हितं बी तसंच."

मग आम्ही चाळीच्या भिंतीवर एक भलामोठा पुठ्ठा ठोकला आणि त्यावर बेत लिहिला. बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या आठवड्यात प्लगशिवाय कशालाही पाना लावायचा नाही. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये तेल सोडायचं, वाट बघायची आणि इंजिन हातानं फिरतं का ते पाहायचं. फिरलं तर जीव आहे. मग फोटो काढायचे, चिठ्ठ्या बांधायच्या, आणि त्यानंतर खोलायचं. खोललं की मोजायचं. सिलेंडर घासून किती मोठे झाले, ते मापात आणण्यासाठी दौंडच्या बोअरिंगवाल्याकडं कधी न्यायचे, नवे पिस्टन परदेशातून यायला किती दिवस लागतील, हे सगळं आधी लिहायचं. कारण इंजिन खोलल्यावर ज्याला आठवतं की पिस्टन मागवायचे राहिले, त्याची गाडी चाळीत म्हातारी होते. शेवटच्या ओळीत मी लाल शाईनं लिहिलं: वसुबारस, गाडी चालू.

आठव्या दिवशी सुरेखानं लांब दांड्याचा पाना लावून जोर दिला आणि आत काहीतरी 'चूक्' करून सरकलं. इंजिन फिरलं! ती ओरडली, मी ओरडलो, आप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, आणि सांगितल्यावर तेही ओरडले. आप्पांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, घरात कुणी पडलं की काय म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन धाव घेतली.

पुढचे दोन महिने मी इतका खूश होतो की बायको म्हणाली, "एवढे तर लग्नात सुद्धा दिसला नव्हता." सुरेखाची पद्धत मी कुठल्या गॅरेजात पाहिली नव्हती. मी सांगितलं, बोल्ट क्रमानं ठेव. तिनं फुलं ओवायची सुई-दोरा आणला आणि नट, वॉशर, नट, वॉशर अशी माळ ओवली. कुठल्या झाकणाची कुठली माळ ते चिठ्ठीवर. सोळा व्हॉल्व्ह ठेवायला तिनं जुन्या लुगड्याला सोळा खिसे शिवले. चाळीत एका बाजूला शेवंतीचे क्रेट आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचे. पाबळला वेल्डिंग शिकलेल्या तिच्या भावानं एक लोखंडी स्टँड करून दिला. त्यावर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, हवं तसं फिरवता यायचं. चाळीस वर्षं माझे बोल्ट जर्द्याच्या डब्यांत राहत आले. त्या माळा बघून मला मनापासून लाज वाटली.

मध्येच मी तिला कान लावायला शिकवलं. डॉक्टरची नळी असते तसा आमचा लांब स्क्रू ड्रायव्हर असतो. टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की आतला प्रत्येक खडखडाट वेगवेगळा कळतो. तिनं पिकअपवर तो लावला आणि डोळे मोठे केले. "मामा, आत माणसं बोलत्यात की वो!"

बेत ठरल्याप्रमाणे चालला होता. दौंडहून ब्लॉक बोअर होऊन आला, तो दसऱ्याला पाच दिवस असताना. आठही सिलेंडर आतून आरशासारखे. मी त्यात तोंड बघून मिश्या नीट केल्या. सुरेखा म्हणाली, "मामा, आता दसऱ्यापर्यंतचे दिवस माझे न्हाईत, झेंडूचे." ते मी पुठ्ठ्यावर आधीच लिहिलं होतं. झेंडू पिकवणाऱ्या घरात त्या दिवसांत कुणी श्वास घ्यायलाही रिकामं नसतं. म्हणून सिलेंडरना जाड तेल चोपडलं, प्लॅस्टिक बांधलं, आणि मीही घरी गेलो. दसरा म्हणजे आमच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे, विहारात वंदना, मुलं-नातवंडं घरी आलेली, खीर. त्या गडबडीत मला ब्लॉकची आठवण सुद्धा आली नाही. तेल लावलेलं लोखंड कुठं पळून जातंय?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाळीत शिरलो आणि दारातच थांबलो.

स्टँडवर ब्लॉक फिरवून एका बाजूचे चार सिलेंडर आभाळाकडं केलेले होते. त्या चार भोकांवर चार नारळ बसवलेले. इतके बरोबर बसले होते, जणू कंपनीनं माप घेऊन दिले असावेत. नारळांना हळद-कुंकू, खालच्या चार भोकांत आंब्याची पानं, आणि सगळ्यावर झेंडूचा असा हार की तसा मला गॅरेज बंद केलं तेव्हाच्या निरोपालाही मिळाला नव्हता.

खंडेनवमी! कोयता, खुरपी, पाण्याची मोटार, पिकअप, सगळ्यांची पूजा झाली होती. मग घरातल्या सगळ्यांत मोठ्या यंत्राला कोण वगळेल?

"लई घाण झालं हुतं वो मिस्त्री," जिजाबाई कौतुकानं म्हणाल्या. "तेलानं नुस्तं चिकाट. गरम पानी आन् भांड्याचा साबन लावून लेकरावानी आंगूळ घातली. मंग नारळ फोडून पानी शिंपाडलं."

मी नारळ उचलले. चारही सिलेंडर आतून गाजराच्या रंगाचे झाले होते. घासलेलं कोरडं लोखंड, त्यावर पाणी, वर नारळाचं पाणी, आणि असे दोन दिवस. पहिल्या सिलेंडरच्या काठाला तर नारळाच्या बुडाएवढी गोल चकती उमटली होती.

माझ्या तोंडून जे गेलं ते इथं छापण्यासारखं नाही. जिजाबाई मट्‌कन खाली बसल्या. दसऱ्याच्या मालापायी चाळीकडं फिरकायलाही न मिळालेली सुरेखा शेतातून धावत आली आणि तिनं पाहिलं. ती सरळ पुठ्ठ्यापाशी गेली आणि बोट फिरवत म्हणाली, "मामा, ह्यात खंडेनवमी कुठाय?"

नव्हती. झेंडूची तोडणी होती, अमावास्या होती, दौंडच्या बोअरिंगवाल्याची सुट्टी सुद्धा होती. खंडेनवमी माझ्या घरी होत नाही म्हणून ती माझ्या कागदावरही आली नाही. लोकांना चाळीस वर्षं 'आधी कागद' म्हणून शिकवणारा मी, आणि ज्या घरात इंजिन होतं त्या घराचा सण लिहायला विसरलो. मी जिजाबाईंपुढं हात जोडले. "वहिनी, चूक माझी." त्या म्हणाल्या, "मंग नारळाची बर्फी करू का? वाया जातील." मला इतकं हसू आलं की भिंत धरावी लागली.

दौंडचा बोअरिंगवाला ब्लॉक बघून म्हणाला, "मामा, ह्याला पुराची गाडी म्हनू का प्रसादाची?" सात सिलेंडर हलक्या हातानं घासून मापात राहिले. पहिल्यात मात्र नवी स्लीव्ह, म्हणजे आतून एक नवी नळीच बसवावी लागली. ती मिळेपर्यंत वसुबारस गेली, पाडवा गेला. पुठ्ठ्यावरची लाल तारीख सुरेखानं खोडली नाही. तिच्याखाली फक्त रेघ मारली. त्या दिवसांत जिजाबाई ब्लॉकशेजारी काठी घेऊन बसायच्या. कुणी जवळ येऊन शिंकलं तरी हाकलायच्या.

आणि आप्पांचे कान चालले होते. दसऱ्याला त्यांना पिकअपचा हॉर्न ऐकू यायचा. भाऊबीजेला येईना. त्यानंतर एके दिवशी सुरेखा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आप्पा, पिस्टन बसलं!" ते नुसते हसले आणि म्हणाले, "जेवलो की." मी खुर्चीवरून पुठ्ठ्याकडं बघत राहिलो. पंधरा दिवस. माझ्या एका विसरलेल्या सणानं म्हातार्‍याचे नेमके तेच पंधरा दिवस खाल्ले होते.

तुळशीचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गाडीत बसलं होतं. सुरेखानं सगळं स्वतः केलं होतं, प्रत्येक बोल्ट मापाच्या पान्यानं आवळून. शेवटी प्लगच्या वायरी लावायच्या राहिल्या. ती पेट्रोल आणायला गेली. तिथं मी, त्या आठ वायरी, आणि माझे खिशात वळवळणारे हात. किती महिने झाले होते! मला राहवलं नाही. मी उठलो, भराभर आठही वायरी लावल्या, चिठ्ठी बांधली आणि तिनं यायच्या आत शहाण्यासारखा खुर्चीत येऊन बसलो.

आप्पांना इस्त्रीचा सदरा घालून बॉनेटशेजारी उभं केलं. दत्ता शिफ्ट बदलून आला होता. जिजाबाईंनी विचारलं, "मिस्त्री, आता नारळ फोडला तर चालंल का?" मी म्हणालो, "फोडा, पण पाणी तुम्हीच प्या." सुरेखानं किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनानं एक मोठी ढेकर दिली, पाठीमागं काळा ढग सोडला, आणि चालू झालं!

अरे, काय सांगू! चाळीचे पत्रे थरथरले. शेजारच्या शेतातल्या तोडणीच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. दत्ता नाचला, मी गुडघे विसरून नाचलो, जिजाबाईंनी नारळ माझ्या पायावर टाकला. सुरेखा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

आप्पा आमच्या तोंडांकडं बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "झाली का चालू?"

आमचा नाच थांबला. सुरेखा खाली उतरली. तिचा चेहरा मला बघवेना. "मामा," ती म्हणाली, "उशीर झाला."

मी तसाच उभा होतो, आणि माझा हात आपोआप मागच्या खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरवर गेला. उजवा कान गेल्यापासून मी मूठ कानाला लावत नाही, कानामागच्या हाडाला लावतो. तिथून मला अजून येतं ऐकू. मग त्यांना का नाही येणार? मी टोक इंजिनावर टेकवलं, आप्पांचं डोकं धरलं आणि मूठ त्यांच्या कानामागं दाबली.

आप्पा दचकले. मग त्यांनी माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या हातात घेतला, मूठ आणखी घट्ट दाबली आणि डोळे मिटले. त्यांचा डावा पाय हलला, क्लच दाबल्यासारखा. हात गिअरवर गेला, हवेतच. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "आली," ते म्हणाले. "आली गं सुरेखा. पुलावर आली बघ." सुरेखानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या मनातली ती पंधरा दिवसांची बोच तिथं विरघळली, हे मी सरळ सांगतो.

मग आप्पांच्या कपाळाला आठी पडली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी इकडून तिकडं सरकवलं, पुन्हा ऐकलं, आणि बहिरी माणसं ओरडतात तसे ओरडले, "लंगडती! पाच आन् सात! ह्या दोघांच्या वायरी येकमेकीच्या जागंवर हायत! माझ्याकनं बी येकदा हेच झालं हुतं!"

गाडी बंद केली. सुरेखा वाकली. शेजारी शेजारी असलेल्या पाचव्या आणि सातव्या प्लगच्या वायरी खरंच अदलाबदल झाल्या होत्या. त्यांना बांधलेली चिठ्ठी तिनं उलटली, वाचली, आणि आप्पांच्या डोळ्यांपुढं धरली. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मामा.

आप्पांनी चिठ्ठी वाचली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"सुरेखा," ते गरजले, "ह्यो नवशिका कुठनं आणलास?"

बांधावरच्या बायका सुद्धा हसल्या. सुरेखानं खुर्ची ओढली, मला खांद्याला धरून तीत बसवलं आणि त्या दोन वायरी काढायला वाकता वाकता म्हणाली, "मामा, हात खिशात."